पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम (पीसीओएस) हा प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये आढळणारा संप्रेरकांशी संबंधित विकार आहे. १९३५ साली शिकागो येथील स्टाइन व लेव्हेंथल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्याचे वर्णन केले.

लक्षणे

दोन पाळ्यांमधील अंतर ३५ दिवसांहून अधिक असणे किंवा वर्षभरात आठपेक्षा कमी पाळ्या येणे हे प्रमुख लक्षण होय. अंडमोचन नियमित न झाल्याने गर्भधारणेस विलंब होतो. ओठांवर, हनुवटीवर वा पोटावर राठ केस येणे, मुरुमे आणि डोक्यावरील केस विरळ होणे ही अँड्रोजेन या संप्रेरकाच्या आधिक्याची चिन्हे आहेत. अनेक रुग्णांत इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. त्यामुळे रक्तात वाढलेले इन्सुलिन अंडाशयास अधिक अँड्रोजेन निर्माण करण्यास प्रवृत्त करते. अशा वेळी मानेवरील व काखेतील त्वचा काळसर व जाड होऊ शकते. हा मळ नसल्याने तो घासून जात नाही.

निदान

२००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार अनियमित अंडमोचन, अँड्रोजेनचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारे बहुपुटी अंडाशय यांपैकी दोन बाबी आढळल्यास निदान होते. तत्पूर्वी थायरॉइड व प्रोलॅक्टिन यांचे विकार नसल्याची खात्री केली जाते. सोनोग्राफीतील ‘गाठी’ वस्तुतः वाढ अपुरी राहिलेल्या अंडपुटिका असतात. पहिल्या पाळीनंतर वर्षभर अनियमितता स्वाभाविक असते. त्यानंतरही किशोरवयात केवळ सोनोग्राफीवरून निदान करू नये.

महाराष्ट्रातील संशोधन

स्थूलता हे सर्वपरिचित लक्षण असले, तरी ते अनिवार्य नाही. मुंबईतील १५ ते २४ वयोगटातील मुलींच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के, तर अधिक कठोर निकषांनुसार १०.७ टक्के मुलींमध्ये हा विकार आढळला. रॉटरडॅम निकषांत बसणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्के मुली स्थूल नव्हत्या. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन पीसीओएसविषयी नसले, तरी भारतीयांच्या शरीरात वजन बेताचे असूनही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. त्यामुळे सडपातळ स्त्रीची अनियमित पाळीची तक्रारही दुर्लक्षणीय ठरत नाही.

दीर्घकालीन परिणाम

मधुमेह, गर्भारपणातील मधुमेह, नैराश्य आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग यांचा धोका वाढतो. आहार, व्यायाम व औषधोपचार यांनी लक्षणे आटोक्यात राहतात आणि बहुतेक स्त्रियांना उपचारांनंतर गर्भधारणा होऊ शकते.