हळकुंडापासून कॅप्सूलपर्यंत

होळीच्या सुमारास वसमतकडून हिंगोलीकडे निघाले, की ठिकठिकाणी शिजवलेली हळद उन्हात वाळत पडलेली दिसते. हिंगोली जिल्ह्याचे हे महत्त्वाचे नगदी पीक. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हीच हळद आता 'रोज एक घ्या' अशा कॅप्सूलच्या रूपात मेडिकलमध्ये मिळते. आपल्याच शेतातली वस्तू, तिने काय अपाय होणार, असे पुष्कळांना वाटते. हा विश्वास कोठून आला आणि तो कितपत खरा आहे, हे पाहू.

हळदीतील पिवळे द्रव्य फोगेल आणि पेल्टिए यांनी १८१५ साली वेगळे केले. त्याचे नाव कर्क्युमिन. त्याची रासायनिक रचना ठरण्यास १९१० साल उजाडले. हळदीत ते शेकडा तीनच्या आसपास असते.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'जखम भरून येण्यासाठी हळद' या वापराचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी पुढे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. परिषदेने या पेटंटला आव्हान दिले आणि ३२ जुने संदर्भ पुढे ठेवले. त्यांत भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट नाकारले गेले.

हा विजय मोठाच होता. पण त्यातून सिद्ध झाले ते एवढेच, की हा वापर नवा नाही. हळद किती गुणकारी, कोणत्या मात्रेत आणि किती काळ सुरक्षित, हा प्रश्न त्या खटल्यापुढे नव्हताच. लोकांच्या मनात मात्र 'हळदीचे गुण अमेरिकेनेही मान्य केले' असा अर्थ रुजला.

प्रयोगशाळेत कर्क्युमिनने अनेक गुण दाखवले. शरीरात मात्र अडचण आली. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आतड्यातून थोडेच शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचे आतडे व यकृत झटपट रूपांतर करून टाकतात. २०१७ साली कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी या संशोधनाचा आढावा घेतला. १२० हून अधिक चाचण्या होऊनही औषधी तुल्य व निर्विवाद असा गुण सिद्ध झालेला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. कर्क्युमिन स्वतः रंगीत, प्रकाशमान आणि क्रियाशील असल्याने काही प्रयोगशाळा-चाचण्यांना ते फसवते, हेही त्यांनी दाखवले. गुडघेदुखीत थोडा आराम पडल्याच्या काही चाचण्या आहेत, पण त्या लहान व थोड्या मुदतीच्या.

शोषण वाढवण्याचा उपाय १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवला. दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातील पायपरिन २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा माणसांत त्याची उपलब्धता वीसपटीने वाढली. कारण पायपरिन यकृताचे ते रूपांतराचे काम मंदावते. आज अनेक कॅप्सूलमध्ये पायपरिन असते ते यासाठीच. पण हेच यकृत इतर औषधांचाही निचरा करत असते, हे विसरून चालत नाही.

२०१९ साली इटलीत हळदीची पूरके घेणाऱ्यांत यकृतदाहाचे वीसएक रुग्ण नोंदले गेले. अमेरिकेतील एका संशोधन-जाळ्याने २०२२ साली असे दहा रुग्ण मांडले. त्यांपैकी पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि एक दगावला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकप्रकार आढळला. म्हणजे हा अपाय विरळ आहे, सर्वांना होणारा नाही. पण तो कोणाला होईल हे आधी कळत नाही.

मग आपल्या वरणातली हळद? येथे थोडे गणित करावे. दिवसाला दोन ग्रॅम हळद पोटात गेली तर कर्क्युमिन सुमारे ६० मिलिग्रॅम होते. जागतिक तज्ज्ञ समितीने दर किलो वजनामागे रोज तीन मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा ठरवली आहे. साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. शेकडा ९५ शुद्धतेच्या अर्काची ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे ४७५ मिलिग्रॅम. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव पहिल्या आकड्याचा आहे, शेवटच्या आकड्याचा नाही.

अशा अनेक कॅप्सूल औषध म्हणून नव्हे, तर अन्न म्हणून विकल्या जातात. त्यामुळे नव्या औषधासारखी रुग्णांवरील चाचणी त्यांना द्यावी लागत नाही.

वर्गात हे सहज दाखवता येईल. एका पेल्यात पाणी आणि दुसऱ्यात खोबरेल तेल घेऊन दोन्हींत चिमूटभर हळद ढवळा व थोडा वेळ ठेवा. पाण्यात ती तळाशी बसते, तेल मात्र पिवळे होते. मग मुलांना एखाद्या डबीवरील मात्रा वाचायला सांगून वरचे गणित करू द्या. आणि घरी कोणी अशी कॅप्सूल घेत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना ती डबी सोबत न्यायला सांगा. 'इतर काही औषध घेता का?' या प्रश्नाला आपल्याकडे 'नाही' असे उत्तर मिळते, कारण हळदीला कोणी औषध मानत नाही.