जुनी फोर बाय फोर घेताना इंजिनाचं कूळ विचारा

काळ्या रानात पाऊस लागला की आपली गाडी बांधापलीकडं जात नाही, म्हणून जुनी फोर बाय फोर बघतोय.

महिंद्रानं १९४७ साली विलिस जीपची जुळणी सुरू केली. ती पेट्रोल पिणारी, म्हणजे हौस मोठी नि खिसा लहान. पुढं प्युजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन आलं आणि ऐंशीच्या दशकात एमएम ५४० मध्ये बसलं. ट्रॅक्टरच्या मेस्त्रीलाही हे इंजिन उघडायची भीती वाटत नाही, म्हणून माझा जीव तिच्यावर.

१९८५ ला जिप्सी आली. ९७० सीसी, वजनानं हलकी, त्यामुळं चिखलात कमी रुतते. १९९६ ची किंग १३०० सीसीची. पण कंपनीनं डिझेल जिप्सी कधी विकलीच नाही. कुणी दाखवली तर आरसीवर इंधन काय लिहिलंय ते आधी वाचा. २०१० ची थार भारी, पण डीआय टू बाय फोरमध्येही मिळायची, नुसतं नाव बघून भुलू नका.

मागं मी फसलोय. लीव्हर होता, पण डिझेल वाचवायला पुढचा प्रोपेलर शाफ्टच काढलेला! पहिल्या पावसात कळलं. तेव्हा आधी गाडीखाली वाका. पंधरा वर्षांपुढची असेल तर आरसीचं नूतनीकरण झालंय का तेही बघा.

रविवारी एक ५४० बघायला चाललोय. मेस्त्री बरोबर आहे, आणि चाचणी डांबरावर नाही, नांगरटीत घेणार.