आधी पुरं नाव, मग लाडाचं नाव

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात राजे लई. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, मेहुणा राजा आणि खामगाव तालुक्यातलं माझं पिंपळगाव राजा. वऱ्हाडी बोलण्यातही राजा फुकट मिळतो. ‘काहून राजा, उशीर केला?’ असं आम्ही दोस्ताला म्हणतो, पोराला म्हणतो, अडलेल्या बैलालाही म्हणतो. पण माझ्या आजीनं माझ्या आज्याला उभ्या जन्मात राजा म्हटलं नाही. त्याचं नावही घेतलं नाही. ‘अवो’, ‘आयकलं का’, ‘पोराचा बाप’ एवढ्यावर तिचा संसार झाला. आज्याचं नाव घ्यायचा हक्क गावाला होता. गावानं ते मोडलं, मागं ‘या’ लावला आणि वेशीतून ओरडून घेतलं. दहा वर्षांचं पोरगं सत्तरीच्या म्हाताऱ्याला ‘अरे’ म्हणायचं आणि म्हातारा ‘जी’ म्हणायचा.

म्हणजे जिचा त्याच्यावर जीव होता तिच्या तोंडी त्याचं नाव नव्हतं. ज्यांच्या तोंडी नाव होतं त्यांचा जीव नव्हता.

नवरा-बायकोनं, प्रेम करणाऱ्या दोघांनी एकमेकांना लाडाची नावं ठेवायची, ही वरवर खाजगी गोष्ट. तिचा कसला इतिहास, असं कुणी म्हणेल. पांढरपेशांच्या कादंबऱ्यांत अशी नावं पानोपानी आहेत. आपली कुठं शोधायची? रातपाळीतून उरलेल्या वेळात वाचत गेलो. हाती आलं ते इथं मांडतो. मी शिकलेला नाही, तेव्हा पंडितांनी आपल्या जबाबदारीवर वाचावं.

आधी एक कबूल केलं पाहिजे. मोडकं नाव म्हणजे दरवेळी अपमान असं नाही. लेकरं जगत नसली की पुढच्याचं नाव धोंडू, कचरू, उकिरडा असं ठेवायची रीत महाराष्ट्रात अनेक जातींत होती. मरणाची नजर त्याच्यावर जाऊ नये म्हणून. म्हणजे आईनं ठेवलेलं कचरू हे लाडाचंच नाव. आई ‘कचऱ्या’ म्हणते, पाटीलही ‘कचऱ्या’ म्हणतो. अक्षरं तीच. पण आईवर रुसता येतं, ‘ओ देत नाही जा’ म्हणता येतं. पाटलावर रुसता येत नव्हतं. आमच्या गिरणीत रिंगखात्यात साच्यांचा आवाज असा की पुरं नाव कानापर्यंत पोचत नाही, म्हणून सगळ्यांचीच नावं तुटतात. तिथं कुणाला वाईट वाटत नाही. मी त्याचं तोडतो, तो माझं तोडतो. लाडाचं नाव दोन्हीकडून चालतं. तुच्छतेचं नाव फक्त वरून खाली येतं. ही माझी मोजपट्टी. ती घेऊनच पुढं जातो.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून. मेहुणा राजा हे चोखामेळ्याचं जन्मगाव मानलं जातं. चौदाव्या शतकातला हा माणूस. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून १३३८ साली मेला असं सांगतात. गावकुसाच्या आत जागा नाही, पण गावकूस बांधायला तोच आणि त्याखाली मरायलाही तोच. त्याची बायको सोयराबाई अभंग रचायची. त्यांत ती स्वतःला ‘चोखियाची महारी’ म्हणवते. ही तिची सही. बाईनं नवऱ्याचं नाव जिभेवर घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं असं मानणारा समाज, आणि ही बाई नवऱ्याचं नाव, तेही घरगुती छोटं नाव, देवासमोर उघड घेते. अभ्यासकांना त्यात भक्ती दिसते. मला त्यात संसार दिसतो. पण त्याच सहीत तिला जातही सांगावी लागली. नुसती ‘चोख्याची’ म्हणून ती सुटली नाही. प्रेमाच्या नावालाही जात चिकटून आली. आजही लग्नात बाया नाव घेतात ते उखाण्यातच. यमकाच्या आडोशाला उभं राहिल्याशिवाय नवऱ्याचं नाव निघत नाही.

पुढं शाळा आली, पोस्ट आलं, पत्र आलं. पत्रात ‘अवो, आयकलं का’ चालत नाही. वर कुणाला तरी नावानं हाक मारावीच लागते. सावित्रीबाई फुल्यांनी जोतीबांना लिहिलेली तीन पत्रं आपल्याकडं आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ ची. त्या नवऱ्याला ‘सत्यरूप जोतीबा’ असं संबोधतात. हा लाड नव्हे, आदर आहे, असं म्हणाल. असू द्या. नवऱ्याचं नाव कागदावर लिहिणारी बाई हीच तेव्हा मोठी गोष्ट. आणि विशेषण तिनं स्वतः निवडलेलं.

यातलं १८६८ चं पत्र प्रत्येकानं वाचावं. सावित्रीबाई तेव्हा माहेरी नायगावला होत्या. गणेश नावाचा ब्राह्मण पंचांग सांगत गावोगाव फिरायचा. त्याचं शारजा नावाच्या महार मुलीवर प्रेम बसलं. तिला सहावा महिना होता. गावानं दोघांना मारायला काढलं. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला, दोघांना सोडवलं आणि जोतीबांकडं पुण्याला लावून दिलं. गणेश शारजाला काय हाक मारत असेल? पत्रात ते नाही. असायचं कारणही नाही. पण मला तो प्रश्न सुटत नाही. कारण गावात त्याच्या जातीचे लोक तिच्या जातीच्या बाईला एकाच पद्धतीनं हाक मारत. त्याला दुसरी पद्धत शोधावी लागली असणार.

आता दुसरी बाजू. राया, सख्या, साजणा हे शब्द मराठीत सगळ्यात जास्त कुणाच्या तोंडी आले? तमाशातल्या बायांच्या. महार, मांग, कोल्हाटी बायांच्या. घरात नवऱ्याला ‘अवो’ म्हणणारी जात फडावर ‘राया’ म्हणत होती, आणि समोर बसून ते ऐकणारे पैसे मोजत होते. मोजपट्टी लावून पाहा. ती राया म्हणते, तो तिला राणी म्हणून घरी नेत नाही. एकाच बाजूनं चालणारा लाड. पठ्ठे बापूराव या ब्राह्मण शाहिरानं पवळेसाठी जात सोडली, ही गोष्ट खरी आणि धाडसाची. पण महाडच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी तमाशाच्या खेळाचं उत्पन्न देऊ केलं ते बाबासाहेबांनी नाकारलं, असं धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. आपल्या बायांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांना नको होता. ‘राया’ शब्दाची किंमत कोण भरतं, हे त्यांना कळत होतं.

कारण त्यांच्या घरात दुसरा शब्द होता.

१९०६ च्या सुमाराला भायखळ्याच्या बाजारात, दिवसाची विक्री संपल्यावर, रात्री एक लग्न लागलं. नवरा भिवा, बायको रामी. तो चौदा-पंधराचा, ती नऊ वर्षांची. तिचा बाप दाभोळच्या बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचा. आईबाप दोघंही मेलेले. भिवा आणि रामी ही दोन्ही तोडलेलीच नावं, जशी आपल्या घरोघर असतात. पुढं भिवाचा भीमराव झाला, अमेरिकेला आणि लंडनला गेला. तिकडून पत्रं यायची. त्यात रामीची ‘रामू’ झालेली होती. ती त्यांना ‘साहेब’ म्हणायची.

रामी आणि रामू यांत एका स्वराचा फरक. रामी ही बंदरावरच्या हमालाची पोर, जिला कुणीही हाक मारावी. रामू ही एकाच माणसाची. आणि ‘साहेब’? तो शब्द गोऱ्या अंमलदाराचा. आपले लोक तो खाली मान घालून म्हणत. रमाबाईंनी तो आपल्या माणसाला दिला. ज्याला बडोद्याला राहायला घर मिळालं नाही, ज्याच्या हाती शिपाई कागद लांबून टाकत, त्याला घरात एक बाई साहेब म्हणत होती. तिनं गोवऱ्या थापल्या, पाचातली चार लेकरं मातीत दिली, आणि २७ मे १९३५ ला राजगृहात गेली.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९४० साली, बाबासाहेबांचं पाकिस्तानच्या प्रश्नावरचं इंग्रजी पुस्तक निघालं. आकडे, नकाशे, लष्कर, सरहद्दी यांचं पुस्तक. देशातले मोठे पुढारी ते वाचणार होते. ते अर्पण केलंय रमाबाईंच्या स्मृतीला. त्यात तिच्या मनाच्या चांगुलपणाची आणि मित्र नसलेल्या, ओढगस्तीच्या दिवसांत तिनं सोबत सोसलं त्याची कृतज्ञता आहे. तिथं भारदस्त नाव लिहिता आलं असतं. त्यांनी ‘रामू’ लिहिलं. घरातलं नाव सगळ्या हिंदुस्थानासमोर ठेवलं आणि त्यांना त्यात काही कमीपणा वाटला नाही. इतिहास म्हणून मला याच्याएवढा मोठा पुरावा दुसरा सापडला नाही.

आणखी एक सांगतो, काहींना ते आवडणार नाही. १५ एप्रिल १९४८ ला त्यांनी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं. त्या सविता झाल्या, आपल्या माईसाहेब. पण त्यांना पत्रांतून ते ‘शारू’ म्हणत. हे ऐकून आपल्यातले पुष्कळ जण नजर फिरवतात. आपल्याला पुतळा हवा, आणि पुतळा कुणाला लाडानं हाक मारत नाही. पण आजारानं थकलेला, सत्तावन्न वर्षांचा माणूस कुणाला तरी छोट्या नावानं हाक मारतो, यात त्यांचं काय कमी झालं? गावानं आपल्याला माणूस म्हटलं नाही. निदान आपण तरी त्यांना माणूस राहू द्यावं.

आणि आपण स्वतः काय केलं ते पाहा. फडावरचा ‘राया’ आपण तिथून उचलून आणला आणि जलशांत, भीमगीतांत ‘भीमराया’ केला. त्यांना आपण गाण्यात ‘तू’ म्हणतो. रमाबाईंची ‘रमाई’ केली. ‘जोहार’ सोडून ‘जय भीम’ घेतलं, त्यातही भीमरावाचा भीमच आहे. गावानं तोडायचं ते शस्त्र होतं. आपण तोडलं ते नातं झालं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरनंतर पोरांची नावं मिलिंद, सिद्धार्थ, सुजाता, प्रज्ञा झाली. आईबाप ती पुरी उच्चारायचे आणि मास्तरांनाही पुरी उच्चारायला लावायचे.

आता घरातलं. लग्न झाल्यावर मी बायकोचं नाव तोडून हाक मारली. मला वाटलं, लाजंल. ती भांडी घासता घासता थांबली. म्हणाली, ‘माया मायला गावातले असंच तोडून बोलवत. तुमी आंधी मायं नाव पुरं घ्या. मंग पाहू.’ मी कवी म्हणवतो, पण हे मला सुचलं नव्हतं. सहा महिने पुरं नाव घेतलं. मग एका रातपाळीला निघताना तिनंच माझं नाव तोडलं, पाठीमागून, दारातून. तेव्हापासून मीही तिचं तोडतो. ती मला ‘अरे’ म्हणते. माझी माय ऐकून दचकते, मग पदराआड हसते.

ती नावं काय आहेत ते इथं छापत नाही. ती आमची आहेत.

जय भीम.