आकाशातल्या नियमांचे पुस्तक



आम्ही काही विमानखात्यातले नव्हे. आमची हयात गिरण्या-कारखान्यांच्या दारात आणि करारनाम्यांची कलमे वाचण्यात गेली. इंग्रजी शिकलो तेही स्टँडिंग ऑर्डर्स वाचता वाचता, डिक्शनरी मांडीवर ठेवून. पण नियमांचे पुस्तक कोण लिहितो आणि ते कोणाच्या अंगावर येते, ही चौकशी आमच्या कामातलीच आहे. म्हणून हा विषय घेतला.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ बेटावरचा लोस रोदेओस विमानतळ. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बाँब फुटला म्हणून तिकडची विमाने इकडे वळवलेली. जागा अपुरी, त्यात धुके. केएलएम कंपनीचे जंबो धावपट्टीच्या टोकाला उभे होते. पॅन ॲमचे दुसरे जंबो त्याच पट्टीवरून सावकाश चालले होते. मनोऱ्याने केएलएमला उड्डाणानंतर कोणत्या वाटेने जायचे ते सांगितले. ती परवानगी वाटेची होती, उड्डाणाची नव्हे. पण त्या वाक्यात 'टेक-ऑफ' हा शब्द होता! सहवैमानिकाने ते वाक्य परत म्हणून दाखवले आणि शेवटी आपण 'टेक-ऑफ'वर आहोत, अशा अर्थाचे काही जोडले. मनोरा समजला, विमान तयार उभे आहे. विमान तर सुटले होते. मनोऱ्याचे "थांबा" आणि पॅन ॲमची "आम्ही अजून पट्टीवर आहोत" ही हाक एकाच क्षणी रेडिओवर गेली, आणि केएलएमच्या कानी पोहोचली ती एक शिट्टी. ५८३ माणसे गेली.

वाटेच्या परवानगीत हा शब्द नको, अशी शिफारस स्पॅनिश चौकशी अहवालाने केली. आज जगभर नियम आहे, की 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे.

असा नियम सगळ्या जगावर चालतो कसा? त्याचे मूळ शिकागोत आहे. महायुद्ध चालू असतानाच, ७ डिसेंबर १९४४ रोजी तेथे ५२ देशांनी एका करारावर सह्या केल्या. हिंदुस्थानचीही सही त्यात आहे. त्यातून निघालेली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना एप्रिल १९४७ पासून मॉन्ट्रिऑलला काम करते. कराराला आज १९ परिशिष्टे आहेत. दुसऱ्यात आकाशात कसे वागावे ते आहे, अकराव्यात वाहतूक-नियंत्रण. मनोऱ्याने नेमकी कोणती वाक्ये बोलावीत, हा तपशील ४४४४ क्रमांकाच्या दस्तऐवजात आहे.

परिशिष्टात बदल करायचा तर तज्ज्ञांची समिती मसुदा करते, वायुमार्ग आयोग तो तपासतो, देशोदेशी पत्रे जातात, उत्तरे येतात. मग कौन्सिलात दोन-तृतीयांश मते लागतात. साधारण दोन वर्षे जातात. आमच्या वेतनकरारांना याहून अधिक लागलेली आम्ही पाहिली आहेत, तेव्हा हसण्याचे कारण नाही.

खरी गंमत छपाईत आहे. जे बंधनकारक ते सरळ अक्षरांत, त्यात 'शॅल'. जे केवळ इष्ट ते तिरप्या अक्षरांत, त्यात 'शुड'. हा फरक आम्हांला कोणी शिकवावा लागला नाही. एका कारखान्याच्या करारात हातमोजे 'शक्यतो' पुरवावेत असे छापून आले. मसुदा आम्हीच वाचला होता, आणि तो शब्द आमच्या नजरेतून निसटला. पुढची तीन वर्षे ते शक्य झाले नाही.

आणि 'शॅल'लाही वाट आहे. कराराच्या ३८ व्या कलमाप्रमाणे एखाद्या देशाला मानक पाळणे जमत नसेल, तर त्याने तसे कळवायचे. हे फरक तो देश आपल्या वैमानिक माहितीच्या पुस्तकात छापतो. सक्ती करायला मॉन्ट्रिऑलकडे पोलीस नाहीत. न पाळणाऱ्याने निदान लेखी कबूल करावे, एवढाच आग्रह. आम्हांला ही तरतूद शहाणपणाची वाटते. लपवलेल्या मोडण्यापेक्षा छापलेली मोड बरी. वैमानिकाला ती उतरण्यापूर्वी वाचता येते.

पण देशाला जी सवलत, ती खुर्चीवरच्या माणसाला नाही. तेनेरीफच्या सहा महिने आधी, १० सप्टेंबर १९७६ रोजी, झाग्रेबच्या आकाशात दोन विमाने आदळली आणि १७६ जण मेले. वरच्या थराचे काम पाहणारा नियंत्रक तरुण होता. जोडीदार त्या वेळी जागेवर नव्हता. टक्कर दिसू लागली तेव्हा त्याच्या तोंडून इंग्रजीऐवजी मायबोली निघाली. युगोस्लाव्ह वैमानिकाला ती कळली. ब्रिटिश विमानातल्यांना काहीच कळले नाही. नियम इंग्रजीचा होता, हे खरे. पण दोघांचे काम एकटा माणूस करीत होता, हेही तितकेच खरे. खटला आठ जणांवर झाला. सात सुटले, त्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

नियंत्रकांच्या संघटनांचा जागतिक महासंघ १९६१ मध्ये ॲमस्टरडॅमला स्थापन झाला होता. मॉन्ट्रिऑलच्या समित्यांत त्याची माणसे बसतात, बोलतात. मत मात्र देशांचेच. झाग्रेबच्या त्या तरुणासाठी देशोदेशीच्या नियंत्रकांनी सह्यांचे अर्ज धाडले. नोव्हेंबर १९७८ मध्ये तो तुरुंगातून बाहेर आला.