६ जानेवारी १९४७ : सँडी डेनी यांचा जन्म

ब्रिटिश लोकसंगीताला नवे वळण देणाऱ्या गायिका-गीतकार सँडी डेनी यांचा हा जन्मदिन. लंडनमध्ये जन्मलेल्या सँडी लहानपणीच पियानो शिकल्या. पुढे गिटार हाती आली, तरी नंतरची बरीच गाणी त्यांनी पियानोवर बसूनच रचली.

१९६८मध्ये त्या ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या बँडमध्ये दाखल झाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली इंग्लंड-स्कॉटलंडची कथागीते इलेक्ट्रिक गिटार व ड्रम्सच्या साथीने गाऊ लागल्या. १९६९चा ‘लीज अँड लीफ’ हा अल्बम त्या प्रयोगाचा कळस. त्यातल्या ‘टॅम लिन’ या कथागीतात परीराणीच्या तावडीतून प्रियकराला सोडवणारी तरुणी भेटते. सँडी ही गोष्ट कडव्यामागून कडवे अशी चढवत नेतात, की ऐकणारा जागचा हलत नाही. स्वतःच्या गीतांतही त्या माणसांच्या गोष्टी सांगत. ‘फॉदरिंगे’मध्ये कैदेतली स्कॉटिश राणी मेरी आहे. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’ या गाण्यात रॉबर्ट प्लांटसोबत गाणारा आवाजही त्यांचाच.

२१ एप्रिल १९७८ रोजी, अवघ्या ३१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अगदी तरुणपणी लिहिलेले त्यांचे ‘हू नोज व्हेअर द टाइम गोज?’ हे गीत जूडी कॉलिन्स आणि नीना सिमोन या गायिकांनीही गायले.