वेशभूषा, कॅमेरा आणि व्यक्तिरेखा : मायकेल जॅक्सन यांच्या १९८३ मधील तीन म्युझिक व्हिडिओंचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय संगीत हे केवळ ऐकण्याचे न राहता पाहण्याचेही झाले. ध्वनिमुद्रिकेने गायकाचा आवाज घरोघरी पोहोचविला होताच. म्युझिक व्हिडिओने त्या आवाजाला चेहरा, वेश आणि वावरण्याची जागा दिली. नाटकात अथवा चित्रपटात व्यक्तिरेखा उभी राहण्यास प्रसंग, संवाद आणि अवधी यांचे साहाय्य मिळते. म्युझिक व्हिडिओत अवधी बहुधा चार-पाच मिनिटांचा असतो आणि संवाद जवळजवळ नसतोच. त्यामुळे पात्र कोण आहे, त्याच्यावर विश्वास ठेवावा की त्याला भ्यावे, हे प्रेक्षकाला प्रामुख्याने दोनच गोष्टींवरून ठरवावे लागते : पात्राने काय परिधान केले आहे आणि कॅमेरा त्याच्याकडे कसा पाहतो आहे.

प्रस्तुत निबंधात 'बिली जीन', 'बीट इट' आणि 'थ्रिलर' या तीन व्हिडिओंचा या दृष्टीने विचार करण्यात आला आहे. हे तिन्ही व्हिडिओ नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रकाशित झालेल्या 'थ्रिलर' या एकाच संगीतसंचातील गाण्यांवर आधारलेले असून ते मार्च ते डिसेंबर १९८३ या काळात दूरचित्रवाणीवर आले. गायक एकच, परंतु दिग्दर्शक तीन. आणि त्यातून साकारलेल्या व्यक्तिरेखाही तीन. म्हणूनच वेशभूषा आणि कॅमेरा यांच्या कार्याचा तौलनिक अभ्यास करण्यास हे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. येथे विवेचन आहे ते पडद्यावरील व्यक्तिरेखेचे. जॅक्सन यांच्या खासगी जीवनाविषयी पुढील काळात निर्माण झालेले गंभीर वाद सर्वश्रुत आहेत. तथापि ते प्रस्तुत अभ्यासाच्या कक्षेबाहेरचे आहेत.

विश्लेषणाची चौकट

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी आहार्य म्हणजे वेश, अलंकार, रंगभूषा आदी बाह्य साधनांनी होणारा अभिनय. आज मराठीत 'नेपथ्य' हा शब्द रंगमंचावरील देखाव्यापुरता मर्यादित झाला असला, तरी नाट्यशास्त्रात त्याची व्याप्ती मोठी आहे. पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सजीव हे त्याचे चार प्रकार होत. त्यांपैकी अलंकार म्हणजे वस्त्रे व भूषणे आणि अंगरचना म्हणजे देहाची व चेहऱ्याची रंगभूषा, हा भेद प्रस्तुत विषयाच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. वेश हा अभिनयाला जोडलेला बाह्य उपचार नसून तोही एक अभिनयच आहे, ही नाट्यशास्त्राची भूमिका म्युझिक व्हिडिओसारख्या अल्पावधीच्या कलाप्रकाराला तंतोतंत लागू पडते. मात्र रंगभूमीवर नसलेला एक घटक येथे आहे, तो म्हणजे कॅमेरा. रंगभूमीवरील प्रेक्षक आपल्या आसनावरून पाहतो. व्हिडिओतील प्रेक्षकाला कोठून, किती जवळून आणि कोणाच्या नजरेने पाहावयाचे हे कॅमेरा ठरवून देतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एमटीव्ही ही केवळ संगीताला वाहिलेली वाहिनी अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. प्रारंभीच्या काळात या वाहिनीवर कृष्णवर्णीय कलावंतांचे व्हिडिओ अत्यल्प प्रमाणात दाखविले जात. आपली वाहिनी रॉक संगीताची असल्याने असे घडते, असा खुलासा वाहिनीकडून केला जाई. परंतु तो सर्वांना पटणारा नव्हता. गायक रिक जेम्स यांनी याविषयी जाहीर टीका केली. १९८३ च्या प्रारंभी ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी यांनी तर एमटीव्हीच्याच एका मुलाखतीत निवेदकाला याबाबत थेट प्रश्न विचारला. अशा परिस्थितीत एखादा कृष्णवर्णीय तरुण पडद्यावर कोणत्या वेशात आणि कोणत्या कोनातून दिसतो, ही बाब केवळ सौंदर्यदृष्टीची राहत नाही. रात्रीच्या रस्त्यावरून चालणारा कृष्णवर्णीय पुरुष ही प्रतिमा अमेरिकन समाजात भीतीशी जोडली गेलेली होती. उपरोक्त तिन्ही व्हिडिओ नेमके रात्रीच्या रस्त्यावर घडतात, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

'बिली जीन' : न सापडणारा माणूस

स्टीव्ह बॅरन दिग्दर्शित हा व्हिडिओ मार्च १९८३ मध्ये एमटीव्हीवर आला. जॅक्सन यांचा वेश काळ्या चामड्याचा, त्याखाली गुलाबी सदरा आणि लाल बो-टाय असा आहे. चामडे हे रॉक संगीताचे आणि रस्त्यावरच्या बंडखोरीचे चिन्ह, तर बो-टाय हे सभ्य मेजवानीचे. हे दोन परस्परविरोधी संकेत एकाच देहावर आल्यामुळे या माणसाला कोणत्याही एका वर्गात बसविता येत नाही. तो पाऊल ठेवील ती फरशी उजळते. त्याने एका निराधार माणसाच्या पेल्यात नाणे टाकताच त्या माणसाच्या अंगावर शुभ्र पोशाख येतो. वेश बदलला की माणसाचे सामाजिक स्थान बदलते, हे सूत्र व्हिडिओने प्रारंभीच प्रस्थापित केले आहे.

या व्हिडिओत दोन कॅमेरे आहेत असे म्हणणे वावगे ठरणार नाही. एक चित्रीकरणाचा आणि दुसरा कथानकातील, नायकाच्या मागावर असलेल्या छायाचित्रकाराचा. हा दुसरा कॅमेरा नायकाला टिपण्याचा पुनःपुन्हा प्रयत्न करतो; परंतु बाहेर आलेल्या छायाचित्रात नायक नसतोच. प्रत्यक्ष चित्रीकरणाचा कॅमेराही प्रतिमा क्षणभर गोठवून आणि पडदा अनेक चौकटींत विभागून त्याला जणू पकडू पाहतो. तो मात्र एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत निसटत राहतो. अखेरीस पोलीस पकडतात ते पाठलाग करणाऱ्यालाच. गाण्याचा विषय खोट्या आरोपाचा आहे आणि कॅमेऱ्याने पुरावा देण्यास दिलेला नकार हाच येथे नायकाचा बचाव ठरतो.

राल्फ एलिसन यांच्या १९५२ मधील 'इन्व्हिजिबल मॅन' या कादंबरीत कृष्णवर्णीय नायकाची अदृश्यता ही समाजाने त्याच्यावर लादलेली अवस्था आहे. 'बिली जीन'मध्ये तीच अदृश्यता नायकाच्या हातातील सामर्थ्य बनली आहे. कृष्णवर्णीय कलावंताला क्वचितच स्थान देणाऱ्या वाहिनीवर हा व्हिडिओ गाजावा आणि त्याचा नायक कॅमेऱ्याला न सापडणारा असावा, यातील विसंगती बोलकी आहे.

'बीट इट' : गर्दीतील मध्यस्थ

३१ मार्च १९८३ रोजी प्रथम प्रसारित झालेला 'बीट इट' बॉब गिराल्डी यांनी दिग्दर्शित केला. 'बिली जीन'मधील रस्ता स्टुडिओत उभारलेला होता. येथे चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या प्रत्यक्ष वस्तीत झाले आणि शहरातील परस्परविरोधी टोळ्यांतील खऱ्या सदस्यांना गर्दीत सामील करून घेण्यात आले. नृत्यदिग्दर्शक मायकेल पीटर्स यांनी एका टोळीच्या म्होरक्याची भूमिका स्वतः केली, तर दुसरा म्होरक्या नर्तक व्हिन्सेंट पॅटरसन यांनी साकारला. दोन टोळ्यांचा संघर्ष नृत्यातून दाखविण्याची परंपरा 'वेस्ट साइड स्टोरी' (चित्रपट १९६१) पासून परिचित होती. तिला येथे वास्तवाची जोड मिळाली.

प्रारंभी कॅमेरा नायकाकडे जातच नाही. तो उपाहारगृहातून, रस्त्यावरून, जमिनीखालच्या वाटांतून बाहेर पडणाऱ्या माणसांमागे जातो. अधूनमधून दिसणारा नायक आपल्या खोलीत, बिछान्यावर, साध्या टी-शर्टमध्ये एकटाच आहे. तो बाहेर पडतो तेव्हा अंगावर लाल चामडी जाकीट असते. टोळ्या जेथून निघून गेल्या त्याच रिकाम्या जागांतून कॅमेरा त्याच्यासोबत जातो. भांडणाच्या वाटेने, परंतु भांडण मोडण्यासाठी निघालेला हा माणूस आहे, हे एकाही संवादाविना कळते. टी-शर्ट ते जाकीट हा बदल खासगी अस्वस्थतेकडून सार्वजनिक कृतीकडे झालेला प्रवास होय. मनगटे एकत्र बांधून चाकूने लढणाऱ्या दोन म्होरक्यांच्या मध्ये तो शिरतो, तेव्हा मंद प्रकाशातील कपड्यांच्या गर्दीत लाल रंग आपोआप चौकटीचे केंद्र बनतो. पुढे सर्वजण त्याच्यामागे एका लयीत नाचू लागतात आणि कॅमेरा मागे सरकून समूहाला सामावून घेतो.

लाल रंग हा धोक्याचा, रक्ताचा संकेत. तो शांतता घडविणाऱ्याच्या अंगावर चढविल्यामुळे संकेताचा अर्थ उलटतो. तथापि एक मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे : खऱ्या टोळ्यांतील तरुण येथे वास्तवाची साक्ष म्हणून उभे आहेत, व्यक्तिरेखा म्हणून कॅमेरा त्यांना फारसा वेळ देत नाही.

'थ्रिलर' : कॅमेऱ्याकडे परत पाहणारा

'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' (१९८१) या भयपटाने प्रभावित होऊन जॅक्सन यांनी त्याचे दिग्दर्शक जॉन लँडिस यांना पाचारण केले. त्याच चित्रपटासाठी रंगभूषेचे ऑस्कर मिळविणारे रिक बेकर यांनी येथेही रंगभूषा केली. वेशभूषा डेबोरा नॅडूलमन लँडिस यांची होती. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) मधील इंडियाना जोन्सचा सुप्रसिद्ध पोशाखही त्यांचाच. सुमारे चौदा मिनिटांचा हा व्हिडिओ २ डिसेंबर १९८३ रोजी प्रसारित झाला.

आरंभी नायक १९५० च्या दशकातील महाविद्यालयीन तरुणाच्या वेशात, छातीवर 'एम' हे अक्षर असलेल्या जाकिटात दिसतो. हा अमेरिकन समाजाच्या परिचयाचा सालस मुलगा. आणि तोच चंद्रप्रकाशात हिंस्र पशू बनतो. लगेच उलगडते की हा चित्रपटातील चित्रपट होता आणि खरा नायक लाल जाकीट व लाल विजार घालून प्रेक्षागृहात मजेत बसला आहे. रात्रीच्या करड्या पार्श्वभूमीवर उठून दिसावा म्हणून लाल रंग निवडण्यात आला. रुंद खांदे आणि इंग्रजी व्ही आकाराचे काळे पट्टे यांमुळे सडपातळ देहाला भारदस्तपणा आला. वर-खाली एकच रंग असल्याने आकृती उंच भासते आणि नृत्यातील तिची रेषा कोठे तुटत नाही.

प्रेक्षागृहातून बाहेर पडल्यानंतर रस्त्यावरून चालतानाचे दृश्य दीर्घ आहे. कॅमेरा पुढे राहून मागे सरकतो आणि नायक मैत्रिणीभोवती फिरत तिची थट्टा करतो. नृत्य करताना पूर्ण देह चौकटीत राहावा, असा फ्रेड अस्टेअर यांचा आग्रह असे. त्या परंपरेला धरून कॅमेरा येथे पावलांपासून डोक्यापर्यंत सर्व दाखवितो. म्हणून नायकावर विश्वास बसतो. हा विश्वास बसल्यावरच एका क्लोज-अपमध्ये त्याचा चेहरा प्रेताचा झालेला दिसतो. भीतीसाठी क्लोज-अप आणि नृत्यासाठी संपूर्ण देह, अशी ही विभागणी आहे.

नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे अंगरचना बदलते. अलंकार मात्र टिकून राहतो. चेहरा ओळखू येत नाही तेव्हाही, मळले तरी, लाल जाकीट ओळख पटविते. नृत्याच्या मध्यास चेहरा पुन्हा मानवी होतो आणि पुन्हा पालटतो. वस्त्र तेच राहते. अखेरीस सर्व स्वप्न होते असे वाटत असतानाच नायक वळून थेट कॅमेऱ्याकडे पाहतो. त्याचे डोळे पिवळे असतात आणि चित्र तेथेच गोठते.

ओला रे यांनी साकारलेल्या मैत्रिणीचे स्थानही लक्षात घेतले पाहिजे. प्रेक्षक तिच्या नजरेने भितो. परंतु भिण्यापलीकडे तिच्या व्यक्तिरेखेस कार्य उरत नाही. नायकाला तीन रूपे मिळतात, तिला एकच. दृश्यमानतेचा हा विस्तार समन्यायी नव्हता.

समारोप

तिन्ही व्हिडिओंच्या क्रमात एक विकास स्पष्ट दिसतो. मार्चमध्ये कॅमेऱ्याला न सापडणारा माणूस त्याच महिन्याच्या अखेरीस गर्दीच्या केंद्रस्थानी येतो आणि डिसेंबरमध्ये तो कॅमेऱ्याकडे उलट पाहतो. वेशभूषा प्रत्येक वेळी एक आश्वासन देते आणि कॅमेरा ते पारखून घेतो. व्यक्तिरेखा या दोहोंच्या संबंधातून जन्म घेते. 'बिली जीन'मध्ये कॅमेरा आपला अधिकार गमावतो, 'बीट इट'मध्ये तो नायकाचा सोबती होतो आणि 'थ्रिलर'मध्ये तो स्वतःच पाहिला जातो.

समाजाने कृष्णवर्णीय पुरुषाशी जोडलेली भीती या व्हिडिओंनी नाहीशी केली असे म्हणता येणार नाही. 'थ्रिलर'चा शेवट तर तिच्याशीच खेळतो. मात्र भीती केव्हा दाखवावयाची आणि केव्हा आवरावयाची, याचा निर्णय येथे भीतीचा विषय ठरविल्या गेलेल्या माणसाच्या हाती आला. २००९ मध्ये 'थ्रिलर'ची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवड झाली. हा मान मिळविणारा तो पहिला म्युझिक व्हिडिओ होय. जाहिरातीचे साधन म्हणून जन्मलेल्या या कलाप्रकाराला इतिहासाचे साधन म्हणून मिळालेली ती मान्यता होती. समाज कोणाकडे, कोणत्या वेशात आणि किती अंतरावरून पाहावयास तयार होता, याचा पुरावा अशा चार-चौदा मिनिटांच्या चित्रणातही सापडतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तो गंभीरपणे वाचणे अगत्याचे आहे.