आपल्या ताटाचा इतिहास

दहा दिवस मोदक, पुरणपोळी आणि महाप्रसाद झाला की अकराव्या दिवसापासून आपल्या मंडळींत एकच विषय निघतो : शुगर, बी.पी. आणि वजन. मग कोणीतरी हमखास म्हणतो, "पूर्वीची माणसं भाकरी खायची आणि ठणठणीत असायची." हे कितपत खरे आहे? मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. रेल्वेत नोकरी करणारा डिप्लोमा इंजिनियर आहे. पण रुळात दोष आढळला की आम्ही आधी त्या जागेचे जुने रेकॉर्ड काढतो. तसेच आपल्या ताटाचे रेकॉर्ड काढून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

भाकरीचा काळ

दोन-तीन पिढ्यांपूर्वी देशावर ज्वारी-बाजरीची भाकरी आणि कोकणात भात व नाचणी हे रोजचे अन्न होते. गव्हाची पोळी सणाला किंवा पाहुणा आला तरच. सोबत पिठले किंवा आमटी, रानातली पालेभाजी, कांदा, चटणी. गोड म्हणजे गूळ. तेलाची धार पळीने मोजून पडे, कारण तेल घाण्यावरून विकत आणावे लागे.

ज्या घरांत चार पदार्थ होत, तिथे ताट वाढण्याचीही रीत होती. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भाताची मूद. सुरुवात वरणभाताने, शेवट ताकभाताने. जेवणाआधी श्लोक, जेवताना बडबड नाही, पानात टाकायचे नाही. कोणता पदार्थ किती घ्यायचा हे त्याच्या जागेवरूनच ठरे. आज ज्याला 'माइंडफुल ईटिंग' म्हणतात, त्याचे पुष्कळसे नियम या रीतीत आलेले आहेत.

पण रेकॉर्डचे दुसरे पानही वाचायला हवे. 1876 ते 1878 या काळात दख्खन आणि म्हैसूर संस्थानात भीषण दुष्काळ पडला. म्हैसूर संस्थानाची साधारण पंचमांश वस्ती त्यात नाहीशी झाली. दुष्काळी कामावर खपणाऱ्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा एवढी मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या तुटपुंज्या मजुरीविरुद्ध आवाज उठवला. आपण ज्या बेंगळुरू-म्हैसूर मार्गावरून प्रवास करतो, तो मार्गही याच काळात दुष्काळी काम म्हणून पुढे सरकला आणि 1882 मध्ये म्हैसूरपर्यंत पोहोचला. तेव्हा 'ठणठणीत' म्हणून आपल्याला आठवतात ती जगली-वाचलेली माणसे. बाकीच्यांची आठवण सांगायला कोणी उरले नाही.

ताट बदलले कसे?

ताट बदलले ते कोणाच्या जिभेच्या चोचल्यांमुळे नव्हे. 1956 मध्ये अमेरिकेशी पी.एल. 480 खाली करार झाला आणि परदेशी गहू रेशनच्या दुकानात आला. पुढे हरितक्रांतीने देशी गहू आणि तांदूळ भरपूर पिकवला. 1964 मध्ये सी.एस.एच.-1 ही पहिली संकरित ज्वारी आली. उत्पादन वाढले, पण पुष्कळांना तिची भाकरी जुन्या ज्वारीसारखी लागेना. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्यानंतर ज्याच्या हाती चार पैसे आले त्याला पोळी आणि पांढरा भात ही सुस्थितीची खूण वाटली, यात नवल नाही.

1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग पाण्याची सोय झाली तिथे ऊस वाढत गेला. साखर स्वस्त आणि घरोघरची झाली. नंतर रिफाइंड तेलाचे डबे आले. शेवटी नोकरीनिमित्त आपण बेंगळुरूला आलो आणि अंगमेहनतीची जागा खुर्चीने घेतली. भुकेच्या भीतीने भरलेले ताट तसेच राहिले, फक्त राबणे संपले.

पुण्याचा धडा

याचा परिणाम काय झाला? 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आय.सी.एम.आर.च्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. विशेष म्हणजे आपल्याकडे सडपातळ माणसालाही मधुमेह होतो. याचा शोध घेणारे मोठे काम पुण्यातच झाले आहे.

के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळजवळ 800 ग्रॅमने हलकी. पण हाता-पायांनी बारीक असलेल्या या बाळांच्या अंगात चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. यडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला गेला. दोघांचा बी.एम.आय. अगदी एकसारखा, 22.3. पण यडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के! वजनकाटा सगळे सांगत नाही, ते असे.

या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या माता गरोदरपणी पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे अंगाने चांगली भरत होती. आता आपल्या जुन्या पंगतीकडे पुन्हा पाहा. आधी पुरुष, मग मुले, आणि वाढणारी बाई शेवटी, उरेल ते. दूध चहाला आणि मुलांना, फळ पाहुण्याला. आपल्या सुंदर रीतीतली मोठी चूक ती हीच. तिच्या ताटात जे पडले नाही, त्याची किंमत पुढच्या पिढीला चुकवावी लागते.

आता घरात काय करावे?

जे ताट पन्नास-साठ वर्षांत बदलले, ते घरच्या घरी पुन्हा सुधारता येईल. त्यासाठी परदेशी पावडर नको.

पहिले, सगळ्यांनी एकत्र जेवायला बसावे, वाढणारीसुद्धा. पोळ्या आधी करून ठेवल्या तर आभाळ कोसळत नाही. जेवताना टी.व्ही. आणि मोबाइल बंद.

दुसरे, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी होणारी ऋषीची भाजी आठवा. माठ, अळू, भेंडी, लाल भोपळा, सुरण, मक्याचे कणीस, आणि तेल जवळपास नाहीच. वर्षातून एकदा करतो ती भाजी दर आठवड्याला करायला काय हरकत आहे? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या सल्ल्यात 2000 कॅलरींच्या आहारात दिवसाला 400 ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. आपल्या बेंगळुरूत पालेभाजीला तोटा नाही. 'दंटु' म्हणजे आपला माठ, 'सब्बसिगे' म्हणजे शेपू, 'मेंत्य' म्हणजे मेथी. एवढे तीन शब्द शिकले की बाजार आपलाच.

तिसरे, इथली रागी म्हणजे आपली नाचणीच. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. मंड्याच्या लक्ष्मणय्यांनी भारतीय आणि आफ्रिकी रागीचा संकर करून 'इंडाफ' वाण काढले, म्हणूनच ही रागी भरपूर पिकू लागली. ती औषध नव्हे. पण रोजच्या दोन पोळ्यांऐवजी एक भाकरी किंवा छोटा मुद्दा खायला काय हरकत?

चौथे, तेलाचा हिशेब ठेवा. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने 1970 पासून आपल्याला वाटी-चमच्याने मोजून रांधायला शिकवले. तसेच महिन्याचे तेल मोजावे. वरच्याच सल्ल्यात माणशी दिवसाला तेल-तूप मिळून सुमारे 27 ग्रॅम सांगितले आहे. म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला साधारण सव्वातीन किलो, दिवाळीच्या फराळासकट! करून पाहा, डोळे उघडतात.

पाचवे, रोज अर्धा तास चालणे. आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी उपवास करण्याआधी किंवा जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

मोदकाचे काय, असे विचाराल. उकडीचा मोदक म्हणजे तांदळाची पारी, ओले खोबरे आणि गूळ. तळणाशिवाय होणारा पदार्थ. दोन मोदक सावकाश, चव घेत खावेत. बाप्पाला एकवीस लागतात, आपल्याला नाहीत. आणि यंदाच्या महाप्रसादाच्या पंगतीत एक बदल सुचवतो : पहिली पंगत वाढणाऱ्या भगिनींची असावी, आणि वाढायला आपण पुरुषांनी उभे राहावे.

गणपती बाप्पा मोरया!